बर्फ जमत नाही!

फ्रिज बिघडला की मेकॅनिकलवाल्याला बोलवायचं की इलेक्ट्रिकलवाल्याला, हा वाद आमच्या होस्टेलात दर उन्हाळ्यात एकदा तरी रंगतोच. इलेक्ट्रिकलवाले म्हणतात, "मोटर आमची." आम्ही म्हणतो, "सायकल आमची." (सायकल म्हणजे व्हेपर कॉम्प्रेशन सायकल. गेटजवळ पंक्चर होऊन पडलेली नव्हे!) कॉम्प्युटरवाले लांबूनच सल्ला देतात, "बंद करून परत चालू करा." आता गंमत अशी, की मी ज्या फ्रिजबद्दल लिहितोय तो खरोखरच बंद करून परत चालू केला की तासभर झकास चालायचा. आणि त्याच्या आजाराची खूणही नेमकी तीच होती.

फ्रिज आमच्या घरचा, पवनीचा. एका दाराचा, १६५ लिटरचा, वर छोटा फ्रीझर आणि त्यात बर्फ वितळवायचं लाल बटण. असा फ्रिज तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी असेल. अमेरिकन सिनेमात दाखवतात तसा दारातून खडखड बर्फ पाडणारा फ्रिज आमच्या गल्लीत कुणाकडे नाही. आमच्याकडे बर्फ पाडणारं यंत्र म्हणजे आई. एक लिटरचे स्टीलचे डबे, त्यात पाणी, आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी खाली चमचाभर पाणी सांडायचं. ते चमचाभर पाणी का, असं मी लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली, "त्यानं डबा चिपकते, मंग बर्फ लवकर होते." थर्ड इयरला हीट ट्रान्सफरमध्ये कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स शिकलो तेव्हा कळलं. डबा आणि फ्रीझरचा पत्रा यांच्यात हवेची फट राहिली की ती फट उष्णता अडवते. ती पाण्याने भरून काढली की उष्णता सरळ खाली जाते. पुस्तकात त्यावर चार पानं आहेत. आईने एका चमच्यात भागवलंय.

आई उन्हाळ्यात बर्फ विकते. फाटकाला पाटी आहे, 'येथे बर्फ व पेप्सी मिळेल'. पेप्सी म्हणजे बाटलीतली नव्हे, प्लास्टिकच्या लांबट नळीत रंगीत साखरपाणी भरून गोठवलेली. शाळकरी पोरांचं ते गिऱ्हाईक. बर्फाचं गिऱ्हाईक वेगळं. लग्नघरातून शरबतासाठी माणूस येतो, ऊन लागलेल्या पोराच्या कपाळावर ठेवायला कुणी धावत येतं, आणि सकाळी सहाला मासोळीवाल्या काकू. पवनी तालुक्यातच गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं. आता त्या अडलेल्या पाण्यात मासेमारी चालते. बाजारातली बर्फाची लादी मोठ्या व्यापाऱ्याला परवडते. एक टोपली घेऊन दारोदार फिरणाऱ्या काकूंना दोन डबे बर्फ पुरतो. पण तो नसला तर मे महिन्यात दहा वाजेपर्यंत मासोळीचा वास बदलतो आणि अकरा वाजता भाव पडतो. उन्हाळ्याचे तीन महिने हा धंदा चालला की माझा मेसचा खर्च बराचसा सुटतो, हे इथे सांगायला हरकत नाही.

शिवाय त्या फ्रिजमध्ये एक वस्तू विकायची नाही अशी असते. शेजारच्या आजींची इन्सुलिनची बाटली. त्यांच्याकडे फ्रिज नाही. सकाळ-संध्याकाळ आजी येतात, बाटली घेतात, आमच्याच ओसरीवर बसून सुई घेतात, चहा पितात (बिनसाखरेचा, निदान आईच्या समोर तरी) आणि जातात.

गेल्या वर्षी मे महिन्यात परीक्षा आटोपून घरी गेलो तर पाटी उलटी टांगलेली. आई म्हणाली, "बर्फ जमून नाही राहिला रे. पाच दिवस झाले. वरून पापुद्रा येते, आत पानीच."

आधी आजींचं पाहिलं. माझ्या बॅगेत प्रोजेक्टसाठी घेतलेला तारेचा डिजिटल थर्मामीटर होता. तो खालच्या कप्प्यात ठेवला तर १५ अंश. इन्सुलिनला २ ते ८ लागतात. आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडे गेलो. त्या म्हणाल्या, वापरात असलेली बाटली थंड सावलीत काही आठवडे चालते, पण उन्हाळ्यात घर तापतं तेव्हा मडक्यात ठेवा. न उघडलेल्या दोन बाटल्या मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतल्या. मग मोठं मडकं, त्यात ओली वाळू, वाळूत छोटं मडकं, त्यात कोरड्या डबीत बाटली आणि वरून ओलं फडकं. अंगणात सावलीला पारा ४३ दाखवत होता, छोट्या मडक्यात २७. आपल्याकडचा मे कोरडा असतो म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमट हवेत हेच मडकं एवढं काम करणार नाही. विजेशिवाय सोळा अंश उतरले! आजींनी मात्र फक्त एवढंच म्हटलं, "आमच्या घरी मडकं होतंच की."

आता फ्रिज. बर्फ जमत नाही या एका तक्रारीची कारणं बरीच असतात, आणि बहुतेक लोक सगळ्यांवर एकच औषध सांगतात : गॅस भरा. गॅस हा काही गाडीतल्या पेट्रोलसारखा संपत नाही, मित्रांनो. तो बंद नळ्यांतून गोल फिरत असतो. कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. म्हणून आधी फुकटातल्या गोष्टी तपासायच्या.

दाराचं रबर पाहिलं. दहाची नोट दारात अडकवून ओढायची. सहज निघाली तर रबर सैल. चारही बाजूंनी नोट घट्ट. मागची काळी जाळी आणि भिंत यांच्यात वीतभर अंतर होतं, धूळ झाडली. व्होल्टेज मल्टिमीटरने पाहिलं. पंधरा वर्षांपूर्वीचं ते तासन् तासांचं भारनियमन आता नाही, पण संध्याकाळी पंप सुरू झाले की आमच्या भागात दाब पडतो. दाब फार पडला तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, गुंगुं करतो आणि ओव्हरलोड टक्‌ करून तोडतो. इथे स्टॅबिलायझरनंतर २२० मिळत होते आणि कॉम्प्रेसर चालू होता. चालू म्हणजे थांबतच नव्हता. म्हणजे थर्मोस्टॅटचाही दोष नाही. तो बिघडून कॉम्प्रेसर बंद पडला असता तर गोष्ट वेगळी. फ्रीझरमध्ये बर्फाचा जाड थरही नव्हता. (थर असेल तर लाल बटण दाबून धीर धरावा. सुरीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नये. त्या पातळ ॲल्युमिनियममध्येच गॅसची वाट असते. एका ठोश्यात फ्रिज जातो. स्टाफ क्वार्टर्समधल्या काकूंनीही कृपया नोंद घ्यावी.)

एवढं झाल्यावर वही काढली. पहिल्या दिवशी दुपारी लाइट गेली, दीड तासाने आली. त्यानंतर मी फ्रिजसमोर पाट टाकून बसलो. आईला वाटलं, पोराला ऊन लागलं. वहीत असं लिहिलेलं आहे :

३.३० ला लाइट आली. फ्रीझरच्या मागून स्स्स असा आवाज. मागची जाळी पाच मिनिटांत गरम.

३.५५ ला फ्रीझर उणे ६. पत्र्यावर पांढरं दव, बोट चिकटतं.

४.२० ला उणे १३. आवाज चालू.

४.३५ ला आवाज बंद! कॉम्प्रेसर चालूच. जाळी कोमट.

५.१५ ला फ्रीझर उणे ३. जाळी थंड. कॉम्प्रेसरला हात लावता येत नाही.

६.०० ला अधिक २.

रात्री जेवण झाल्यावर मुद्दाम दोन तास प्लग काढून ठेवला आणि पुन्हा लावला. तोच क्रम. तासभर थंडी, मग एकदम आवाज बंद.

गॅस गळून कमी झाला असता तर असं चढ-उताराचं नाटक झालंच नसतं. सुरुवातीच्या नळीवर थोडं दव धरलं असतं आणि सारा दिवस तसंच रडतखडत चाललं असतं. नळीत कचरा अडकला असता तर तो प्लग काढल्याने निघून गेला नसता. विश्रांती दिली की बरा होतो आणि थंड झाला की अडतो, असा अडथळा एकच : पाणी.

ज्यांनी आरएसी हा विषय घेतला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता टाकून पातळ होतो, मग एका केसासारख्या बारीक तांब्याच्या नळीतून जातो. हीच कॅपिलरी. लांबी दोन-तीन मीटर, आतलं भोक एक मिलिमीटरपेक्षाही कमी. तिच्या टोकाला दाब एकदम पडतो, आणि गॅस उकळत फ्रीझरमध्ये शिरतो. तेच ते स्स्स. तापमान तिथे शून्याच्या वीसेक अंश खाली. आता या बंद नळ्यांत पाण्याचे दोन-चार थेंब जरी असले तरी ते फिरत फिरत त्या टोकाला येतात आणि तिथे गोठतात. भोक बुजलं. गॅस अडला. मागे जाळी थंड, पुढे फ्रीझर गरम, मध्ये कॉम्प्रेसर बिचारा धापा टाकतोय. प्लग काढला की ते टोक वितळतं आणि पुन्हा तासाभराची सुट्टी.

खात्री करायला एक सोपी परीक्षा असते. आवाज बंद पडल्यावर कॅपिलरी जिथे फ्रीझरला मिळते तिथे ऊब द्यायची. जुने मिस्त्री काडी पेटवून लावतात. ते करू नका. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. कॉम्प्रेसरवरची चिठ्ठी आधी वाचावी. आमच्या फ्रिजवर आर-१३४ए लिहिलं होतं, तो पेट घेत नाही, तरी मी गरम पाण्यात पिळलेलं फडकं घेतलं. प्लग काढला, पाणी कुठे गळू नये म्हणून फडकं घट्ट पिळलं, मिनिटभर त्या सांध्यावर धरलं, कोरडं पुसून प्लग लगेच लावला. ओव्हरलोड दोनदा टक्‌ टक्‌ झाला, तिसऱ्यांदा कॉम्प्रेसर उचलला. आणि दुसऱ्याच मिनिटाला स्स्स! दोन तास न थांबता, मिनिटभराच्या शेकाने.

आईला सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हनजे बर्फ जमून राहिला, पन भलत्याच जागी."

एवढी नेमकी व्याख्या मला कुठल्याही रेफरन्स बुकात सापडलेली नाही.

पाणी आत कसं गेलं, हेही तिच्याच बोलण्यातून निघालं. मार्च महिन्यात फ्रिज एकदा थंड होईना म्हणून एक गॅस भरणारा येऊन गेला होता. मोटारसायकलवर सिलिंडर, वीस मिनिटांत काम, पैसे घेऊन पसार. "पंप लावला होता का?" मी विचारलं. "कायचा पंप? नळी कापली, गॅस मारला, झालं." म्हणजे कापलेल्या नळीतून हवा आत गेली, हवेबरोबर दमटपणा गेला, आणि तो बाहेर न काढताच वरून गॅस. त्यातही आर-१३४ए बरोबर जे तेल वापरतात ते हवेतलं पाणी ओढून घेणारं. जुन्या आर-१२ च्या काळातलं खनिज तेल त्या मानाने सोशिक होतं. ओझोनला भोक पाडतो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो गॅस मागे पडत गेला आणि नवे गॅस आले, पण वीस मिनिटांची घाई तशीच राहिली.

मासोळीवाल्या काकूंनी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचा पत्ता दिला. पूर्वी आयटीआय केलेले, डोळ्याला जाड भिंग. फोनवर पहिलाच प्रश्न, "थांबून थांबून बंद पडते का एकदमच?" मी वही वाचून दाखवली. पलीकडे जरा शांतता, मग, "तुमी उद्या सकाळपासून फ्रिज अंगनात उन्हात काढून ठेवा. प्लग नका लावू. मी दुपारी येतो."

उन्हात का, हे मला त्या रात्री स्टीम टेबल उघडल्यावर कळलं. ४० अंशाला पाणी ०.०७४ बार दाबाला उकळतं, म्हणजे पाऱ्याचे जेमतेम ५५ मिलिमीटर. व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतला दाब त्याच्या खाली नेला की आतलं पाणी उकळून वाफ होतं आणि पंप ती वाफ ओढून घेतो. फ्रिज जितका तापलेला, तितकं हे काम सोपं. थंडीत हेच करायला हीटर लावावा लागतो. भंडारा जिल्ह्याचं मेचं ऊन कुणाच्या उपयोगी पडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं!

मिस्त्री दुपारी दोनला आले. आधी जुना गॅस सोडला. सोडला म्हणजे हवेतच. हे मला खटकलं. आर-१३४ए ओझोनला त्रास देत नाही, पण हवा तापवण्यात एक किलो गॅस साधारण १४३० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा मोजतात. आमच्या फ्रिजमध्ये शंभर ग्रॅमच्या आसपास असेल, म्हणजे दीडशे किलोचा हिशेब एका फुसकीत. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "ओढून घ्यायची मशीन असते, मले माहीत आहे. तिची किंमत पायली का?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

मग त्यांनी जुना ड्रायर कापला. ड्रायर म्हणजे कॅपिलरीच्या आधी बसवलेली बोटाएवढी तांब्याची नळी. आत पाणी शोषणारे गोल दाणे असतात. ते एकदा भरले की संपले, म्हणून सिस्टीम उघडली की ड्रायर बदलायचाच. मार्चमध्ये तो बदललाच नव्हता. नायट्रोजनने नळ्या फुंकून घेतल्या, त्याच दाबाखाली साबणाचा फेस लावून सांधे तपासले. मार्चमधल्या डाव्या बाजूच्या जोडावर बुडबुडा आला. म्हणजे मूळ गळतीही तशीच होती. ती जोडली, नवा ड्रायर बसवला, आणि पंप लावून मिस्त्री चक्क आडवे झाले. "दीड तास उठवू नका."

त्या दीड तासात ओसरीवर आजी, काकू, आई आणि मी. बोलता बोलता मी त्यांना बर्फाची जुनी गोष्ट सांगितली. एके काळी आपल्या देशात गोऱ्या साहेबांसाठी बर्फ अमेरिकेतून जहाजाने यायचा. बोस्टनच्या ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून १८३३ साली कलकत्त्याला पाठवला. वाटेत चार महिने, तरी बराचसा शिल्लक राहिला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही तो येऊ लागला. मद्रासची बर्फाची कोठी अजून उभी आहे, आज ती विवेकानंद हाउस म्हणून ओळखली जाते. मग बर्फ करायची यंत्रं आली आणि तो धंदा बुडाला. पण माप मात्र बर्फाचंच राहिलं. व्हायव्हात सर विचारतात ना, 'वन टन ऑफ रेफ्रिजरेशन म्हणजे किती?' आपण पोपटासारखं म्हणतो, '३.५ किलोवॅट.' ते म्हणजे २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढं. काकूंना या सगळ्यातलं एकच पटलं नाही. "तळ्यातला बर्फ? फुकटचा? अन् विकत?"

मी त्यांना म्हटलं, आई तरी काय करते, नळाचं पाणीच विकते की!

साडेचारला मिस्त्री उठले. काटा पाहिला, पंप बंद करून वीस मिनिटं वाट पाहिली. काटा हलला नाही. म्हणजे आत ना गळती, ना पाणी. मग चिठ्ठीवर लिहिलेला तेवढाच गॅस, तराजूवर मोजून. नळी दाबून, झाळून बंद केली. संध्याकाळी सातला फ्रीझर उणे १२, रात्री दहाला उणे १९. आवाज चालू. मी दोन वाजता उठून पाहिलं, तेव्हाही चालू.

जाताना मिस्त्रींनी आईला दम दिला, "ताई, दहा डबे एकदम नका ठेवू." आई माझ्याकडे पाहू लागली, म्हणून हिशेब केला. टाकीचं पाणी मेमध्ये ४० अंशांचं. एक लिटर ४० वरून शून्याला आणायला १६८ किलोज्यूल, गोठवायला ३३४, आणि आणखी दहा अंश खाली न्यायला वीसेक. झाले साधारण ५२३. दहा डबे रात्रभरात, म्हणजे दहा तासांत, जमवायचे तर सतत सुमारे १४५ वॅट उष्णता बाहेर फेकावी लागेल. एवढ्याशा फ्रिजची सगळी ताकदच शंभर वॅटच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी भिंतींतून आत येणारी उष्णता काढण्यातच जाते. चार डबे हा रास्त आकडा. शिवाय पाणी आधी रात्रभर माठात ठेवलं आणि ते २६-२७ अंशांवर आलं, तर प्रत्येक लिटरमागे पन्नासेक किलोज्यूल माठच वाचवतो, तेही बिनविजेचे. आईने चारावर घासाघीस करून पाच ठरवले. माठाचं मात्र लगेच पटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकू दोन डबे घेऊन गेल्या. आजींची बाटली फ्रिजमध्ये परत आली, दाराच्या मधल्या कप्प्यात, फ्रीझरपासून लांब. इन्सुलिन गोठलं तर तेही वाया जातं, हे मी डबीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे. छोटं मडकं आजींनी परत मागितलं नाही. आईने त्यात पेप्सीच्या नळ्या बांधायचे रबर ठेवलेत.

मिस्त्रींनी ड्रायर, गॅस, नायट्रोजन सगळं धरून २,४०० रुपये घेतले आणि कापलेला जुना ड्रायर मला देऊन टाकला. मी तो आपल्या वर्कशॉपमध्ये हॅकसॉने उभा चिरला. आतली जाळी आणि दाणे स्पष्ट दिसतात. सध्या तो माझ्या टेबलावर आहे. आरएसीच्या सरांनी लॅबसाठी मागितलाय, पण सेमिस्टर संपेपर्यंत माझ्याकडेच राहील. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी मेसनंतर यावं. सेकंड इयरवाल्यांनी दाणे मोजायला घेऊ नयेत, आधीच दोन हरवलेत.